बुधवारचं पान

बालदीचं झाकण काढताना भाऊ डोळे मिटायचे. आधी वास घ्यायचे, मग बघायचे. रोज सकाळी वस्तीतल्या घरांतून ओल्या कचऱ्याच्या बालद्या त्यांच्या मागच्या अंगणात येत. एकेक झाकण उघडून, आतलं काठीने थोडं चाळवून, कधी एखादी साल उचलून उजेडात धरून मगच ते बालदी टाकीच्या तोंडाशी रिकामी करत. घाई नसे. पोदेर सायकलवरून पाव देऊन गेला, शाळेची बस येऊन गेली, तरी यांच्या बालद्या चाललेल्याच असत.

मी त्यांची भाडेकरू. नवरा गेल्यावर मी साखळी गावाजवळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी धरली आणि पाळी गावात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. पुढच्या भागात ते एकटे राहत. बायको मी येण्याआधीच वारली होती आणि मुलगा परदेशात होता. माझं जनेल, इथे खिडकीला जनेल म्हणतात, थेट टाकीवर उघडायचं. खोल्या दाखवताना त्यांनी मला तेवढंच विचारलं होतं, की वासाचं काही आहे का. मी नाही म्हटलं. खरंच वास फारसा नव्हता. अंगणात शिरताना ओल्या मातीसारखं काहीतरी नाकाला लागायचं आणि मग विसरायला व्हायचं.

टाकी म्हणजे जमिनीत बांधलेली गोल विहीर आणि तिच्यावर पालथं घातलेलं मोठं लोखंडी पिंप. आतला कचरा कुजून गॅस धरला की पिंप वर चढायचं, स्वयंपाकाला गॅस वापरला की खाली बसायचं. एक नळी त्यांच्या शेगडीला गेली होती, एक माझ्या. दुसऱ्या बाजूने काळपट रबडी बाहेर पडायची. ती ते सुक्या पानांत कालवून खत करायचे. दुपारी वस्ती झोपलेली असताना मी जनेलापाशी वाचत बसायची. पिंप चढताना कधी दिसलं नाही. पुस्तकातून मान वर केली की ते मघापेक्षा उंच असायचं, एवढंच. आणि मग कुठूनतरी खोलातून एक बुडबुडा यायचा, कुणी झोपेत कूस बदलून पुटपुटावं तसा.

टाकीला ते 'ती' म्हणत. तिला लिंबं देऊ नका, तिचं पोट आंबतं. तिला आज पेज जास्त झाली. पहिले काही दिवस मला वाटलं, घरात आणखी कुणी आजारी बाई आहे.

खाणी चालू होत्या तेव्हा ते खाणीच्या प्रयोगशाळेत होते. आलेल्या मातीचे नमुने तपासायचे, त्यात लोखंड किती ते सांगायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, आणि पाळी-सुर्ल्याच्या रस्त्यावर अशी शांतता पसरली की सुरुवातीला लोकांना झोप लागेना, असं तेच सांगायचे. मी आले तेव्हा त्या शांततेची सवय झालेली होती. झाडांच्या पानांवर मात्र तांबडी धूळ होती, पावसात धुतली गेली तरी कुठूनशी पुन्हा येऊन बसायची. डोंगर पोखरून केलेल्या खंदकांत पाणी साचलं होतं, हिरवं, हलत नसलेलं. त्यांच्या भातशेतावरही खाणीचा तांबडा गाळ उतरून बसला होता. त्या गाळावर ते दर वर्षी टाकीतल्या खताचा थर घालायचे. हातगाडीने न्यायचे, फावड्याने पसरायचे, आणि थराची जाडी बोटांनी मोजायचे. शेजारचे म्हणायचे, खाण बंद झाली म्हणून यांनी उलटी खाण काढली. ते ऐकून त्यांना वाईट वाटत नसे. उलटी खाण हा शब्द त्यांना आवडला होता. पुढे ते स्वतःच वापरू लागले.

गावात त्यांना गॅसकार म्हणत. तोंडावर भाऊ, पाठीमागे गॅसकार.

मी राहायला आले त्याला पंधरवडा झाला असेल. सकाळी बालदी ठेवून वळले तर त्यांनी हाक मारली. बालदीत बघतच होते. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही दोघांचा भात घालता."

 त्यांना उत्तर नको होतं. रोज एका माणसाचा भात उरतो आणि तो उष्टा नसतो, हे त्यांना बालदीत दिसलं होतं आणि त्यांनी ते मला कळवलं होतं, नमुन्याचा निकाल कळवावा तसं. मी खोलीत गेले, तांदळाचा डबा काढला आणि त्यातलं माप हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. तेव्हापासून मी एकटीचा भात घालू लागले. सोपं नव्हतं ते. एकटीचा भात पातेल्याला लागतो.

वस्तीतल्या प्रत्येक घराचं असं काहीतरी त्यांना माहीत असे. एका सुनेला दिवस गेल्याचं तिच्या सासूआधी त्यांना कळलं. एका घरात भांडण होऊन एका चुलीच्या दोन झाल्या तेही बालदीतून कळलं, कारण एकाच बालदीत एकाच माशाची दोन तऱ्हेने खवललेली खवलं होती. ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. पण विचारलं तर खोटंही बोलत नसत, आणि गावात विचारणारे काय कमी? शेवटी काही बायका सालं धुऊन पाठवू लागल्या. एक म्हातारी तर घरात पाहुणा आला की त्याचा कचरा वेगळा पुरून टाकायची. म्हणायची, जावयाने काय खाल्लं ते गॅसकाराला कशाला कळायला हवं?

ते हसायचे. पण हसताना मला त्यांचा चेहरा बघवत नसे. माणसांशी बोलताना ते जेवढे दूर वाटत, तेवढे बालद्यांवर वाकलेले असताना वाटत नसत. जणू खरी वस्ती तिथे होती आणि बाहेर हिंडत होती ती तिची टरफलं.

आता वाडीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथून आलं. पितृपक्षात गेलेल्यांसाठी पान वाढून बाहेर ठेवतात, त्याला आमच्याकडे वाडी म्हणतात. कावळा शिवला की ते माणूस जेवलं. कावळा शिवला नाही तर घरचे हात जोडून विचारत बसतात, काय राहिलं, कुणावर जीव अडकला. बायको गेली त्या वर्षी त्यांनी वाडी ठेवली आणि कावळा आलाच नाही. दुपार कलली, खीर सुकली, मुंग्या चढल्या. तेव्हा त्यांनी ते पान उचललं आणि टाकीत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटवली, तर ज्योत रोजच्यापेक्षा उंच आली आणि एका जागी उभी राहिली. शेजारी बसायला आले होते त्यांनी ती बघितली. भाऊ एवढंच म्हणाले, की ती जेवली.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, तुम्हाला खरंच तसं वाटलं का. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. मग म्हणाले, टाकी त्यांनी कधीच पूर्ण उपसलेली नाही. जुन्यातलं थोडं आत राहतं म्हणूनच नवं कुजतं. बायकोने सोललेल्या भाज्यांची सालं पहिल्यापासून आत गेली होती. त्यांतलं काहीतरी आजही आत आहे आणि रोजचा भात शिजवतं आहे. हे ते अगदी कोरडेपणाने सांगत होते. मी त्या दिवशी शेगडीवर चहा ठेवला तेव्हा ज्योतीकडे पाठ करून उभी राहिले.

पुढच्या पितृपक्षापासून वस्तीतली माणसं, ज्यांच्या वाडीला कावळा शिवला नाही अशी, पान घेऊन टाकीपाशी यायला लागली. भाऊंनी बोलावलं नव्हतं. कुणी आलं की भाऊ पान घ्यायचे, आत सोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती माणसं येऊन जनेलातून त्यांची शेगडी बघायची. आमचे बाबा जेवले काय हो, भाऊ? जेवले. माणसं डोळे पुसून कामाला जायची.

वस्तीतल्या एका टिप्परवाल्याची बायको या सगळ्यात कधी आली नव्हती. दोडामार्गाकडची, लग्न करून इकडे आलेली. नवरा खाणीवर टिप्पर, म्हणजे मातीचा ट्रक, चालवायचा. काम बंद झाल्यावर तो इथेतिथे बदली ड्रायव्हर म्हणून जायचा, आणि एकदा घरातून निघाला तो आलाच नाही. मोटरसायकल एका खंदकाच्या काठावर मिळाली, स्टँडवर नीट लावलेली. पाण्यात माणसं उतरवली, काही सापडलं नाही. कुणी म्हणे तो तळाशी आहे. कुणी म्हणे त्याला बेळगावच्या स्टँडवर चहा पिताना पाहिलं. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची, कुंकू लावायची, आणि कुणी काही विचारलं तर म्हणायची, येतलो, म्हणजे येईल तो.

त्या भाद्रपदात सासूने गावाहून सारखे फोन केले. मुलगा मेला असेल तर उपाशी आहे, तू त्याला उपाशी ठेवलं आहेस, वाडी घाल. हिच्या मनात दुसरंच. जिवंत माणसाची वाडी घातली तर आपणच त्याला मारलं. न घालावी तर उपास, घालावी तर मरण. आणि अंगणात वाडी ठेवली की अख्खी वस्ती बघणार, म्हणजे त्या क्षणापासून ती विधवा.

ते पान तिने बालदीतून पाठवलं.

मी कामावर जायला निघाले होते. ते बालदीवर वाकलेले दिसले, आणि मग बराच वेळ वाकलेलेच. वर भोपळ्याची सालं, खाली केळीच्या पानात गुंडाळून केळीच्याच सोपटाच्या दोरीने बांधलेलं पुडकं. त्यांनी ते सोडून बघितलं. भात, काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर, सगळं जागच्या जागी, नैवेद्यासारखं वाढलेलं. ते पुन्हा बांधलं. मग मला म्हणाले, की जरा थांबता का. मी थांबले. काही सांगितलं नाही त्यांनी. नुसतं एकटं राहायचं नसावं. पिंप काठोकाठ चढलेलं होतं. आतून आवाज येत नव्हता. वारा नव्हता. अंगणातल्या फणसाचं एकही पान हलत नव्हतं आणि मला, पुस्तकं वाचलेल्या बाईला, असं वाटलं की कुणीतरी वाट बघतं आहे.

मग ते पुडकं घेऊन टाकीच्या कट्ट्यावर बसले, सोपट सोडलं, आणि जेवायला लागले.

सगळं खाल्लं. खिरीत बोट फिरवून पान स्वच्छ केलं.  मेलेल्यासाठी वाढलेलं पान जिवंत माणूस खात नाही, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी जनेलात होते. तिने मला बघितलं आणि लपवायचं सोडून दिलं.

"भाऊ, काल माझ्या बालदीत एक पान होता."

"होता."

"टाकीत घातलात?"

"नाय."

 ती म्हणाली, टाकीला विचारायचं होतं. कावळ्याला सगळ्यांसमोर विचारवेना म्हणून.

ते तिच्या बोलीत बोलू लागले, जे एरवी करत नसत. "बाय, कावळो नाय म्हणता. टाकी कोणाक नाय म्हणना नाय. ती सगळा खाता. मेलेल्याचा, जित्याचा, केराचा. तिका इचारून तुका काय कळतला?"

मला तेव्हा कळलं की त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बायकोच्या पानाच्या वेळीही. इतकी माणसं शेगडी बघून डोळे पुसून गेली, ज्यांचे खरोखरच गेले होते त्यांना भाऊंनी 'हो' म्हटलं, कारण त्या 'हो'मुळे कुणी मरणार नव्हतं. हिच्या वेळी मात्र हो म्हणजे निकाल होता.

"मगे ता पान?"

"मी जेवलंय."

तिने पदर तोंडाला लावला. मेलेल्याचं पान, असं काहीसं म्हणाली.

"मेलेल्याचा कित्या? घराकडे नसलेल्या माणसाचा. तो येयपर्यंत तेचा पान मी खातलंय. वाडी नको घालू. जित्या माणसाचा जेवान आण, हुमण घाल. अमाशेक नको, बुधवारी आण. मासळीच्या दिसा."

अशी ती बुधवारची सुरुवात झाली. ती कामावरून आली की ताट झाकून आणायची. भात, हुमण म्हणजे माशाचं कालवण, तळलेला बांगडा. ते कट्ट्यावर बसून जेवायचे आणि ती पायरीवर बसायची. ती त्या वेळी शाळेतलं काही सांगायची, पोरांनी आज काय टाकून दिलं, मुख्याध्यापिका कशी डाळ मोजून देते. नवऱ्याला सांगावं तसं. सासूला तिने फोनवर सांगून टाकलं की तो उपाशी नाही. कसा ते सांगितलं नाही.

गावात कुजबुज झालीच. आधी वेगळ्या अर्थाची, आणि म्हाताऱ्याचं वय बघून ती विरली. मग दुसरी, हळू आवाजातली, की हा मेलेल्याचं पान जेवतो. त्यांच्या हातचं खत नको, असं काही घरं म्हणू लागली. दोन-तीन बालद्या यायच्या बंद झाल्या.

एक गोष्ट मी लिहू की नको असं बरेच दिवस वाटत होतं. भाऊंना काट्याचा मासा खाता येत नसे. इतकं वय झालं तरी बांगडा समोर आला की ते त्याचा चुरा करायचे, अर्धा टाकायचे, काटे ताटभर पसरायचे. वस्तीतल्या एका जेवणात माझ्या शेजारी बसले होते तेव्हा मीच त्यांना काटे काढून दिले होते. पावसाळा सरता सरता एका बुधवारी मी बघितलं, त्यांनी बांगडा बोटांनी उघडला, मधला काटा शेपटीपासून अखंड उचलला आणि ताटाच्या कडेला सरळ, उभा मांडून ठेवला. न बघता. बोलत होते ते, कसल्याशा पावसाबद्दल.

पायरीवरची ती त्या काट्याकडे बघत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "तो असोच काटो ठेवी."

त्यांनी खाली बघितलं. मग आपल्या हाताकडे बघितलं, एकदा तळवा, एकदा पाठ. "कोण?" असं विचारलं, आणि विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. उरलेला भात त्यांनी संपवला. पण ती गेल्यावर ते नळाखाली हात धुत कितीतरी वेळ बसले होते. मी विचारलं बरं आहे का, तर म्हणाले, "तो असा जेवतो हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, बाई. तुम्हाला सांगितलं होतं?"

मला नव्हतं सांगितलं.

थांबवा म्हणून मी म्हटलं त्यांना. ते म्हणाले, आता थांबवलं तर तिला काय वाटेल ते बघा. तो गेला असंच वाटेल. मी शब्द दिलाय तो येईपर्यंतचा. मग थोडं थांबून म्हणाले, की एक मात्र आहे, बुधवारी त्यांना भूक जास्त लागते. दोन दिवस आधीपासून लागते.

ते उन्हाळ्यात गेले. दुपारी कट्ट्यावर बसलेलेच गेले, पिंपाला टेकून. माझ्या हाकेला उत्तर आलं नाही तेव्हा मी बाहेर गेले. चेहऱ्यावर काही नव्हतं. मुलगा आला, सगळं रीतसर केलं. दिवसांचं पान ठेवायला माणसं अंगणात गेली तर कावळा आधीच फणसावर बसलेला होता, आणि पान जमिनीला टेकायच्या आत खाली उतरला. मुलगा रडला. म्हणाला, बाबांचं काही राहिलं नव्हतं.  जाण्यापूर्वी त्याने माणसं बोलावून टाकी रिकामी करून घेतली. आतला सगळा काळा गाळ शेतावर गेला. पिंप अजून अंगणात आडवं पडलेलं आहे आणि मी सिलिंडरवर स्वयंपाक करते. घराचं काय करायचं ते त्याने अजून ठरवलेलं नाही, तोवर मी राहते आहे.

मला त्यांची आठवण येते ती बालदीवर वाकलेल्या माणसाची. त्या माणसाला मी चांगली ओळखत होते असं म्हणणार नाही. पण त्याने मला ओळखलं होतं, आणि तसं ओळखणारं आता कुणी उरलं नाही. हे मी इतके दिवस थोडं थोडं लिहिते आहे, ते त्यासाठीच असेल.

त्यांचे दिवस झाल्यानंतरच्या बुधवारी दिवेलागणीच्या आधी माझ्या दारावर थाप पडली. ती उभी होती. हातात झाकलेलं ताट. कुंकू लावलेलं होतं. तिने काही विचारलं नाही आणि मागितलंही नाही. फक्त ताट धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी नाही म्हटलं असतं तर ती मुकाट्याने परत गेली असती. घरी जाऊन तिने कुंकू पुसलं असतं, ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी तिला आत घेतलं. पाट मांडला. तिने ताट माझ्यापुढे ठेवून वरचं पान काढलं. हुमणाची वाफ अजून येत होती. मी नवरा गेल्यापासून घरात मासळी आणलेली नव्हती.

ती भिंतीला टेकून समोर बसली. माझ्या तोंडाकडे ती बघत नव्हती, बोटांकडे बघत होती. मी भात कालवला आणि पहिला घास उचलला.

"बाई, सावकाश जेवा," ती म्हणाली. "तेका घाईन जेवलेला आवडना नाय."

मी सावकाश जेवले.